शाराकु बघायला टोकियोत जाताय? आधी वेबसाइट बघा

टोकियोच्या आठ दिवसांतले दोन मी फक्त उकियो-ए साठी (लाकडी ठशांनी छापलेली जुनी जपानी चित्रं, म्हणजे प्रिंट), त्यातही नाटकातल्या नटांचे चेहरे काढणाऱ्या शाराकु या चित्रकारासाठी राखून ठेवले होते, बायको म्हणाली दोन दिवस नुसते जुने चेहरे बघणार का, तर हो. पण पहिल्याच दिवशी माती खाल्ली. आपल्याला वाटतं म्युझियममध्ये चित्र कायमचं भिंतीवर असणार, पण हे रंग उजेडाने उडतात म्हणून साधारण महिन्याभराने प्रिंट बदलतात. उएनोच्या नॅशनल म्युझियममध्ये (तिकीट १००० येन, सोमवारी बंद) होन्कान या मुख्य इमारतीच्या १० नंबरच्या दालनात धावत गेलो आणि शाराकु एकही नाही! चूक माझीच, काय लावलंय ते साइटवर आधी बघायला हवं होतं.

उतामारो या दुसऱ्या चित्रकाराची ओकिता मात्र भेटली. असाकुसाच्या सेन्सोजी देवळाजवळच्या चहाच्या दुकानातली पोरगी, प्रिंटमुळे अख्ख्या एडोत (टोकियोचं जुनं नाव) फेमस. सरकारने अशा पोरींची नावं छापायला बंदी घातली तर हे लोक कोपऱ्यात चित्रांचं कोडं टाकून नाव सांगायचे, मग १७९६ मध्ये कोडीही बंद.

शाराकु दुसऱ्या दिवशी हाराजुकूच्या ओता म्युझियममध्ये सापडला. स्टेशनपासून पाचेक मिनिटं चालत, छोटंसं आहे, दीड तास पुरतो. या माणसाने १७९४-९५ मध्ये जेमतेम १० महिने काम केलं, १४० च्या वर प्रिंट काढले आणि गायब. सुरुवातीच्या २८ प्रिंटमध्ये नटांच्या मागे काळपट अभ्रक आहे, समोरून बघितलं तर नुसतं करडं दिसतं. जरा गुडघे वाकवून तिरकं बघा, सगळं चमकतं. पुस्तकात हे कधीच कळलं नव्हतं, मी तीन वेळा उठबस केली, गार्ड हसला.

आणि बायकांची कामं करणाऱ्या नटांचे जबडे बघा. बालगंधर्वांचे फोटो बघत मोठे झालेलो आपण, तिथे पुरुष शोधून सापडत नाही, शाराकु तो मुद्दाम दाखवतो. नटांच्या चाहत्यांना हे कसं आवडणार?

प्रिंट विकत घ्यायचा असेल तर जिंबोचोची जुन्या पुस्तकांची गल्ली गाठा आणि 'फुक्कोकु' हा शब्द पाठ करून जा, म्हणजे नव्याने कोरून छापलेली प्रत. मी तीच घेतली. आणि दुकानदाराकडून पुठ्ठ्यात सपाट पॅक करून घ्या, माझा गुंडाळून आणलेला अजून डिक्शनरीखाली आहे.