तुम्ही विचारलंत म्हणून: बेटावर पाच दिवस करता तरी काय?

"एकच बेट, एकच किनारा, तोही शांत. पाच दिवस तिथे करता तरी काय? मुलं कंटाळत नाहीत?" सुट्टीहून परतलो की हा प्रश्न कुणी ना कुणी विचारतंच. आणि त्याच्या मागोमाग, जरा हळू आवाजात, "आम्हालाही असंच जायचंय, कसं आखायचं ते सांगा ना." दोन्हींचं उत्तर एकच आहे, म्हणून एकदा नीट लिहिते.

आम्ही सहा जण असतो. मी, नवरा, नऊ वर्षांची लेक, पाच वर्षांचा मुलगा, सासूबाई आणि माझे बाबा. जायचं ठरलं की मी आधी खोल्या बघत नाही, तिकिटंही नाही. त्या किनाऱ्याचा भरती-ओहोटीचा तक्ता काढते.

ही सवय लागली ती बाबांच्या गुडघ्यांमुळे. पहिल्यांदा गेलो तेव्हा खोलीपासून पाणी जेमतेम पन्नास पावलांवर होतं, पण ती पन्नास पावलं कोरड्या, भुसभुशीत वाळूतली. काठी रुतायची, पाय मागे सरकायचा. दोन दिवस बाबा व्हरांड्यात खुर्ची टाकून बसून राहिले आणि "मी इथे मजेत आहे" म्हणत राहिले. ते मजेत नव्हते, हे मला दिसत होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी उठून पाहिलं तर समुद्र खूप आत गेलेला आणि समोर ओल्या वाळूचा सपाट, घट्ट पट्टा. नवऱ्याने हात धरून त्यांना कोरड्या वाळूतून पार नेलं, आणि तिथून पुढे बाबा एकटे चालत गेले. किनाऱ्याच्या पार टोकाला जाऊन, खडकाला हात लावून परत आले. आल्या आल्या त्यांनी विचारलं, "उद्या हे किती वाजता?"

त्या प्रश्नाचं उत्तर आधीच ठाऊक असतं. बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते, दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणून रोजची वेळ आदल्या दिवसापेक्षा सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. थायलंडच्या आखातासारख्या काही भागांत दिवसाला एकच भरती येते, तेव्हा तक्ता त्याच जागेचा हवा. आता हिशेब बघा. पहिल्या दिवशी ओहोटी सकाळी ६:४० ला असेल तर पाचव्या दिवशी ती १० च्या सुमारास येते. म्हणजे पाचही दिवस सकाळी चालायला घट्ट वाळू, आणि शेवटच्या एकदोन दिवसांत उन्हं उतरताना पोहायला भरलेलं पाणी. हेच पाच दिवस आठवडाभर पुढे ढकलले तर सकाळी पाणी पार वरपर्यंत आणि ओहोटी भर दुपारी, तापलेल्या उन्हात. खोली तीच, खर्च तोच, सुट्टी मात्र वेगळीच.

चंद्राकडेही बघावं लागतं. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं. पाणी खूप वर चढतं आणि खूप आत जातं, काही उथळ किनाऱ्यांवर तर पोहायला पाणी गाठेपर्यंत बरंच चालावं लागतं. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, तेव्हा चढउतार कमी. लहान मुलांना दिवसभर पाण्यात खेळायचं असेल तर भांगाचे दिवस बरे. खडकांमधली डबकी उघडी पडलेली बघायची असतील तर उधाणाचे. सगळं एकदम मिळत नाही. आमच्याकडे बाबांची सकाळची ओहोटी आधी, बाकीचं त्यामागून.

हवामानाबद्दल एकच सांगते. "त्या देशात अमुक महिने चांगले" हे बेटाच्या बाबतीत पुरेसं नसतं. थायलंडच्या पश्चिमेला फुकेतला मे ते ऑक्टोबर पाऊस, तर पूर्वेकडच्या को सामुईला खरा जोर ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये. वारा कुठून येतोय आणि आपला किनारा त्याच्या तोंडावर आहे की आडोशाला, हे बघायचं. आडोशाच्या बाजूला तेच पाणी निम्मं शांत असतं.

मग पोहोचायचं आणि परतायचं. एवढा एकच भाग मी घट्ट आखते. एकदा परतीच्या सकाळी वारा सुटला, बोटी बंद झाल्या आणि आमचं विमान आमच्याशिवाय गेलं. सासूबाईंची रक्तदाबाची गोळी एकाच दिवसाची उरली होती. ती रात्र मी विसरलेले नाही. तेव्हापासून शेवटचा मुक्काम बेटावर नाही, विमानतळ असेल त्या बाजूला. औषधं लागतील त्यापेक्षा चार दिवसांची जास्त, तीही हातातल्या पिशवीत. कुणाला स्कूबा करायचं असेल तर ते पहिल्या दोन दिवसांत, कारण पाण्याखाली जाऊन आल्यावर निदान १८ तास विमानात बसू नये. बोट लागणाऱ्यांनी मधोमध, खालच्या मजल्यावर बसावं आणि नजर क्षितिजावर ठेवावी. माझ्या लेकीला याचा खरंच उपयोग होतो.

मधले दिवस मोकळे. दिवसाला फार तर एक ठरलेली गोष्ट, आणि ती ओहोटीभोवती. सकाळी बाबा चालायला जातात, मुलं त्यांच्या मागे. वाळू उघडी पडली की चिमुकले खेकडे बिळांतून वर येतात, वाळूतलं खाणं तोंडाने गाळून घेतात आणि उरलेल्या वाळूचे बारीक गोळे मागे टाकत जातात. बिळाच्या चहूबाजूंनी अशी नक्षी उमटते की एखाद्या बाईने बसून ठिपके मांडावेत. पुढची भरती ती सगळी पुसते आणि दुसऱ्या सकाळी नवी उमटलेली असते. माझा मुलगा, जो घरी दहा मिनिटं एका जागी बसत नाही, तो एका बिळासमोर अर्धा तास न हलता बसला होता, कारण हललं की खेकडा आत जातो. कंटाळ्याचं विचारता ना, त्याचं उत्तर मला तिथे मिळालं. शंख गोळा करू देते, पण परत ठेवायला लावते. शंखात राहणाऱ्या खेकड्यांना वाढताना मोठं घर लागतं आणि ते रिकाम्या शंखांतूनच मिळतं. हे एकदा कळल्यावर लेकीने हट्ट केला नाही.

पाण्याबद्दल मात्र मी कडक आहे. गर्दी नसलेला किनारा म्हणजे बहुधा जीवरक्षकही नसलेला किनारा. लाटा फुटत असताना मध्येच एक पट्टा शांत, गडद दिसला की माणसाला वाटतं तिथे उतरावं. पण आत ओढून नेणारा प्रवाह पुष्कळदा तिथेच असतो. त्यात सापडलं तर किनाऱ्याच्या दिशेने झुंजायचं नाही. तरंगत राहायचं, जमेल तसं किनाऱ्याला समांतर जाऊन बाहेर पडायचं. आणि बुडणारं मूल ओरडत नाही, हात हलवून बोलावतही नाही. म्हणून आम्ही मोठ्यांनी पाळ्या लावल्या आहेत. अर्धा अर्धा तास एक जण फक्त पाण्याकडे बघतो, हातात फोन नाही, पुस्तक नाही. "सगळेच आहेत ना तिथे" यावर मुलं सोडायची नाहीत. गंमत अशी की या पाळ्यांमुळेच मला पहिल्यांदा सुट्टीत झोप लागली. आपली पाळी नसताना आपण खरोखर मोकळे असतो, कानाने मुलांचा आवाज धरून ठेवावा लागत नाही.

सकाळी १० ते दुपारी ४ च्या उन्हात शक्यतो सावली. सावलीतही कोरडी वाळू सुमारे १५ टक्के आणि लाटांचा फेस सुमारे २५ टक्के अतिनील किरण परतवतो, म्हणून लांब बाह्यांचे कपडे हवेतच. उन्हासाठीचं क्रीम झिंक ऑक्साइडचं घेते. ऑक्सिबेन्झोन हे ऊन अडवणारं रसायन असलेल्या क्रीमच्या विक्रीवर हवाईने २०२१ पासून बंदी आणली ती प्रवाळांच्या काळजीपोटी. प्रवाळ बघायलाच आपण जातो, मग एवढं करायला काय हरकत आहे.

आणि गोडं पाणी. लहान बेटांवर पावसाचं पाणी वाळूत मुरून खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. तो थर समुद्रसपाटीच्या वर १ मीटर असेल तर खाली अंदाजे ४० मीटर असतो, आणि वरून फार उपसलं की खालचं खारं वर येतं. हे मी मुलांना चित्र काढून दाखवलं. तेव्हापासून समुद्रातून आल्यावर लेक एका बादलीत आंघोळ उरकते आणि भावालाही उरकायला लावते.

मागच्या महिन्यात पुढच्या सुट्टीचा विषय निघाला. मी फोन घेऊन तक्ता शोधत होते, तेवढ्यात बाबा भिंतीवरचं कॅलेंडर काढून घेऊन आले. चष्मा लावून, तिथ्या मोजून त्यांनी पाच तारखांवर पेन्सिलने बारीक टिंबं केली होती. मी तक्त्याशी ताडून पाहिलं. ओहोटी पहिल्या दिवशी पावणेसातला.