आमची वाटचाल: चाळीस मिनिटांतलं एक मिनिट

शिरोड्यात आमचा छोटा फोटो स्टुडिओ. लग्नं, मुंजी आणि पासपोर्ट फोटो यांवर चाललेला. ड्रोन आला तो भाच्याच्या हट्टापायी. पहिलं काम मिळालं वेळागरच्या एका होमस्टेचं. आम्ही हौसेने साडेचार मिनिटांचा व्हिडिओ केला. माडांवरून सुसाट जायचं, मध्येच गर्रकन वळायचं, झपकन खाली यायचं, आणि वर ढोलताशा. मालक काकांनी निम्माच बघितला, मोबाईल बाजूला ठेवला आणि म्हणाले, "रे, ह्या बघून माका चक्कर इली." पैसे पूर्ण दिले, पण व्हिडिओ कुठेच लावला नाही. तेच जास्त लागलं.

महागडा ड्रोन घ्यावा असं भाच्याचं म्हणणं. मला ते पटलं नाही. खोट आमच्या अंगठ्यांत होती. भातकापणी झाल्यावर मळ्यात भाताच्या पेंढ्यांची एक उडवी, म्हणजे रास, रचलेली होती, तिच्याभोवती त्याने सराव सुरू केला. उजव्या हाताने ड्रोन बाजूला सरकवायचा, डाव्याने तोंड फिरवत राहायचं, आणि उडवी चौकटीच्या मधोमध राहिली पाहिजे. पहिले आठ-दहा दिवस उडवी पळत होती! मग त्याने रिमोटच्या दांड्या अंगठ्याने ढकलायच्या सोडून अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरल्या. ड्रोन संथ चालवणारा सिने मोड लावला, गिंबलचा, म्हणजे कॅमेरा पेलून फिरवणाऱ्या भागाचा, वेग उतरवला. तेव्हा कुठे उडवी जागेवर बसली. एका शॉटमध्ये एकच हालचाल, आणि ती रेकॉर्डिंगच्या आधी सुरू होऊन नंतर थांबणारी. सुरुवातीचा नि शेवटचा धक्का त्यामुळे कापावाच लागत नाही, तो आत येतच नाही.

वेळही बदलली. दुपारी खारे वारे सुटले की ड्रोन वाऱ्याशी झुंजत राहतो. शिवाय वाऱ्याविरुद्ध समुद्राकडे नेताना बॅटरी भराभर उतरते. एकदा तो पुळणीवर पोचला तेव्हा 6 टक्के उरले होते. आता सकाळी नऊच्या आत काम आटोपतो, तेव्हा हवा पडलेली असते. उन्हात एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी काळसर काच, लागतो, भाचा त्याला ड्रोनचा गॉगल म्हणतो. सेकंदाला 25 फ्रेम असल्या तर शटर 1/50 सेकंदाच्या आसपास हवं. ते 1/2000 वर गेलं की सुरूच्या फांद्या थरथरल्यासारख्या दिसतात. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल, ऑटोवर ठेवला तर एकाच शॉटमध्ये समुद्र निळ्याचा हिरवा होतो. परुळे-भोगव्याकडचं काम आलं तर आधी डिजिटल स्कायचा, म्हणजे ड्रोन कुठे उडवता येतो ते दाखवणारा सरकारी, नकाशा उघडतो. कारण तिथे 2021 पासून चिपीचं विमानतळ सुरू आहे.

खरं शिकवलं ते रापणीने, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मासेमारीच्या मोठ्या जाळ्याने. एका सकाळी रापणकारांची परवानगी घेऊन ड्रोन पाण्यावर नेला आणि कॅमेरा सरळ खाली वळवला. जाळ्याचा अर्धगोल, त्याची दोन टोकं ओढणाऱ्या माणसांच्या दोन रांगा, आणि तो गोल हळूहळू आवळत आलेला. ड्रोन जागचा हलला नाही. व्हिडिओत तो तुकडा 11 सेकंद ठेवला, आमचा आजवरचा सर्वांत लांब. एरवी चार-पाच सेकंदांपलीकडे आम्ही थांबत नाही.

एडिटिंगचं म्हणाल तर ते टाकून देण्याचंच काम. आधी धक्के बसलेले, क्षितिज कललेले शॉट जातात. मग एकच गोष्ट पुन्हा सांगणारे. इथे भाच्याशी खडाजंगी होते, कारण त्याचे सूर्यास्त एकाहून एक सुंदर असतात. त्यांतला एकच राहतो. 1930 च्या मिठाच्या सत्याग्रहामुळे आमची शिरोड्याची मिठागरं सर्वांना ऐकून माहीत आहेत, पण त्यांचे चौकोन वरून किती जणांनी बघितलेत? तो शॉट ठेवला, तीन सूर्यास्त गेले.

परवा एक आंबा बागायतदार आले. व्हिडिओ किती मिनिटांचा देणार, हा पहिला प्रश्न. मी म्हटलं, एक. "एका मिनटाचे येवढे?" मग भाच्याने त्यांना बसवून जुन्या एका कामाचं पूर्ण 40 मिनिटांचं चित्रण लावलं. सातव्या मिनिटाला त्यांनी हात वर केला आणि ॲडव्हान्स काढून टेबलावर ठेवला.