जर्मनीत सीव्ही पाठवताय? विशेषणं काढा, महिने लिहा

जर्मनीत मास्टर्सला आलेली ज्युनिअर मंडळी पहिल्याच सेमिस्टरमध्ये सीव्ही पाठवतात, 'ताई, जरा नजर टाक ना.' नजर टाकली की वरच्या तीन ओळींतच 'मेहनती', 'टीम प्लेयर', 'झटपट शिकणारा' ही त्रिमूर्ती हजर! ती आधी उडवते. इथला लेबेन्सलाउफ, म्हणजे सीव्ही, हा निव्वळ तक्ता असतो. डावीकडे महिना-वर्ष, उजवीकडे काय केलं ते, आणि सगळ्यात अलीकडचं सगळ्यात वर. एक पान, फार तर दोन.

विशेषणांना त्यात थारा नाही, कारण त्यांचा पुरावा जोडता येत नाही. अर्जासोबत मार्कशीट, इंटर्नशिपचं प्रमाणपत्र, भाषेचं सर्टिफिकेट असं सगळं जातं आणि तारखा ताडून पाहणारे पाहतात. म्हणून '2022-2023' असं मोघम नको, '12/2022 – 01/2023' लिहा. दोन वर्षांच्या आडोशाला दोन महिन्यांची इंटर्नशिप लपते, हे त्यांनाही कळतं. मधले सहा महिने जर्मन शिकण्यात गेले असतील, तर तेही लिहा. मोकळी जागा दिसली की मुलाखतीत नेमका तोच प्रश्न येतो.

गुणांची गंमत वेगळीच. इथे 1.0 म्हणजे सर्वोत्तम आणि 4.0 म्हणजे काठावर पास. नुसतं '8.2 सीजीपीए' लिहिलं, तर वाचणाऱ्याला अर्थबोध होत नाही. परदेशी गुण जर्मन श्रेणीत बदलणारं 'बव्हेरियन सूत्र' वापरा: कमाल गुणांतून आपले वजा करायचे, कमाल आणि पासिंगमधल्या फरकाने भागायचं, तिनाने गुणायचं, एक मिळवायचा. कमाल 10 आणि पासिंग 4 धरलं तर 8.2 चे होतात 1.9. मूळ आकडा आणि हा, दोन्ही शेजारी शेजारी लिहा.

'अनुभवच नाही, काय लिहू?' हे तर ठरलेलं रडगाणं. एकाने लिहिलं होतं, 'कॉलेज फेस्टमध्ये सक्रिय सहभाग'. म्हणजे नक्की काय केलंस, असं खोदून विचारल्यावर कळलं की नोंदणीचा सगळा कारभार त्याच्याकडे होता. मग ओळ झाली: 'फेस्टची नोंदणी वहीवरून ऑनलाइन फॉर्मवर आणली, चार जणांच्या टीमचं काम वाटून दिलं.' काम तेच, पण आता त्यावर प्रश्न विचारता येतो. प्रोजेक्टचंही तसंच. 'मशीन लर्निंग प्रोजेक्ट' हे शीर्षक झालं. डेटा कुठला, तुमचा वाटा कोणता, निष्पन्न काय झालं, ते सांगा.

भाषेची पातळी मात्र फुगवू नका. ए2, म्हणजे प्राथमिक पातळी, असेल तर ए2च. बी2, म्हणजे सहज संभाषण करण्याइतकी पातळी, लिहिलंत आणि समोरच्याने सरळ जर्मनमध्ये सुरुवात केली, की पंचाईत.

फोटो? 2006 च्या समान वागणुकीच्या कायद्यानंतर कंपन्या सहसा तो मागत नाहीत, पण लावणारे अजून पुष्कळ आहेत. मी लावते, तुम्ही नाही लावलात तरी चालेल. वडिलांचं नाव आणि 'वरील माहिती सत्य आहे' हे प्रतिज्ञापत्र मात्र काढा.

वर्कस्टुडंटच्या, म्हणजे शिकता शिकता अर्धवेळ काम करणाऱ्या विद्यार्थ्याच्या, जागेसाठी अर्ज असेल, तर कधीपासून आणि आठवड्याला किती तास, हे पहिल्या पानावरच येऊ द्या. सेमिस्टर चालू असताना साधारण 20 तासांची मर्यादा असते. युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना वर्षाला 140 पूर्ण किंवा 280 अर्ध्या दिवसांचा हिशेबही सांभाळावा लागतो, तेव्हा तास लिहिण्याआधी आपल्या निवास परवान्यावरची अट वाचून घ्या.