कानबाईचा सोमवार आणि हजेरीपट

१९८९ च्या मार्चमध्ये घटनादुरुस्ती अंमलात येऊन मतदानाचे वय २१ वरून १८ वर आले, आणि जूनमध्ये शाळा उघडताच आमच्या नागरिकशास्त्राच्या सरांनी जाहीर केले की, यंदापासून वर्गप्रतिनिधी शिक्षक नेमणार नाहीत, मुलेच तो गुप्त मतदानाने निवडतील. जुन्या वह्यांच्या कोऱ्या पानांच्या मतपत्रिका झाल्या आणि खडूच्या रिकाम्या खोक्याला चीर पाडून मतपेटी तयार झाली. नववी 'अ' मधून मी निवडून आलो. त्यात माझ्या गुणांपेक्षा आसपासच्या खेड्यांतून एसटीने येणाऱ्या मुलांच्या एकगठ्ठा मतांचा वाटा मोठा होता, हे तेव्हाही सर्वांना ठाऊक होते.

संस्थेच्या शाळा समितीत विद्यार्थ्याला जागा नव्हती. मुख्याध्यापक त्या समितीचे पदसिद्ध सचिव असल्याने आम्हा वर्गप्रतिनिधींच्या विद्यार्थी मंडळाचे म्हणणे त्यांच्यामार्फतच वर जाई, आणि ते जावे की नाही हे सर्वस्वी त्यांच्या मर्जीवर होते. आमच्या सुदैवाने त्यांची मर्जी होती. मात्र त्यांची एक अट असे. मागणी तोंडी चालत नसे. ती इतिवृत्ताच्या रजिस्टरमध्ये सूचक आणि अनुमोदकाच्या नावांसह लिहावी लागे.

पिण्याच्या पाण्याच्या टाकीची तोटी, मुलींच्या खोलीतला पंखा, ग्रंथालयाची वेळ असे विषय पहिल्या बैठकांतच मार्गी लागले. खरा वाद झाला तो सुट्टीवरून. मुख्याध्यापकांच्या अधिकारातील एक सुट्टी श्रावणात द्यायची होती आणि ती कोणत्या दिवशी असावी, हे त्यांनी मंडळाला विचारले होते. नागपंचमीनंतरच्या रविवारी आपल्याकडे खानदेशात घरोघरी कानबाई देवी बसते, रात्रभर गाणी होतात आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत तिचे नदीवर विसर्जन होते. त्यामुळे तो सोमवार मिळावा, असे आम्हा बऱ्याच जणांचे म्हणणे होते. शेतकरी घरांतल्या मुलांना मात्र पोळा हवा होता. बैलांना नदीवर नेऊन धुणे, शिंगे रंगवणे, झूल चढवणे ही कामे घरच्या पोरांवरच असतात, हा त्यांचा मुद्दाही खोटा नव्हता. बैठकीत प्रमाण मराठीत बोलावे असा शिरस्ता असूनही आठवीच्या प्रतिनिधी मुलीने ताडकन विचारले, "कानबाईना दिन शाळामा कोन जास?" सगळे हसले; मुख्याध्यापक हसले नाहीत. त्यांनी शिपायाकडून मागच्या काही वर्षांचे हजेरीपट मागवले आणि म्हणाले, "शाळेत कोण येते, हे यातच लिहिले आहे. मोजा."

लांबट, कडा झिजलेल्या त्या हजेरीपटांत आम्ही मधल्या सुट्टीभर डोकी खुपसून बसलो. कानबाईच्या सोमवारी गैरहजेरीच्या खुणांनी रकाने वरपासून खालपर्यंत भरलेले होते. पोळ्याच्या दिवशी सकाळची हजेरी बरी असे. मुले गळत ती दुपारच्या सत्रात. त्या नोंदींवरून ठराव जवळजवळ आपोआप लिहिला गेला, तो असा की सोमवारी पूर्ण सुट्टी असावी आणि पोळ्याला शाळा सकाळची भरावी. मुख्याध्यापकांनी तो जसाच्या तसा मान्य केला.

मग तो वर्गात जाऊन सांगण्याचे काम माझ्याकडे आले, आणि प्रतिनिधीपणातले सर्वांत जड काम तेच होते, असे माझे आजही मत आहे. ज्यांनी मला मते दिली त्यांतली निम्मी मुले बैलजोडीच्या घरांतली होती. "तुले याच्यासाठी निवडले का?" असे एकाने मधल्या बाकावरून विचारले. मी त्याला हजेरीपटातली त्याच्याच वर्गाची पाने दाखवली. तो गप्प झाला, पण पटल्यामुळे नव्हे. पुढे कित्येक दिवस तो माझ्याशी बोलत नव्हता. वर मागणी नेणारा प्रतिनिधी सगळ्यांना आवडतो. खाली निर्णय आणणाऱ्याला डबा एकट्याने खावा लागतो.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक शिक्षणाच्या टप्प्यावर शाळा व्यवस्थापन समित्या आणल्या. त्यांत किमान ७५ टक्के सदस्य पालक असावेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असाव्यात, असे त्या कायद्यात आहे. आमच्या आया शाळेची पायरी निकालाच्या दिवशी तेवढी चढत. त्या मानाने हे अंतर मोठेच म्हणायचे. तरीही अशा एखाद्या समितीच्या बैठकीला बसलो की, समोर आलेल्या मागणीच्या मागे कोणती नोंद आहे, हे विचारण्याची माझी सवय काही जात नाही, आणि त्यामुळे मी तिथे फारसा लोकप्रियही नाही.

आमचे ते इतिवृत्ताचे रजिस्टर शाळेच्या दप्तरात अजून असेल, तर सुवर्णमहोत्सवाच्या प्रदर्शनात ते ठेवावे, अशी संयोजकांना माझी विनंती आहे. त्यातील शुद्धलेखनाच्या चुकांवर मराठीच्या शिक्षकांनी आता लाल पेन चालवू नये, एवढेच.