कललेलं झाड सोपं नसतंय बघा

मृगाचा पाऊस लागला की आमच्या बेळगावकडच्या खानापूर-जांबोटी भागात माती भिजून मऊ होते, वरनं वारं, मग बांधावरची झाडं कलायला लागतात. आणि कुणीतरी म्हणणारच, ‘‘कललंयच की ते, दोन घाव घातले की आपसूक पडतंय.’’ हे ऐकलं की मला धडकीच भरते, कारण कुठं पडणार ते दिसतंय म्हणून माणूस बिनधास्त होतो आणि खरा धोका पाठीमागं असतो.

झाड ज्या बाजूला कललंय त्याच्या उलट्या बाजूचं लाकूड ताणलेलं असतं, वाकवलेल्या बांबूगत. समोर, म्हणजे कललेल्या बाजूला, खाच घेतली आणि नेहमीसारखं मागनं कापत आलं तर निम्म्यातच झाड पडायला लागतं, आत लाकूड अजून जाड असतं, ते वाकत नाही, मग बुंधा उभाच्या उभा चिरत वर जातो आणि मागचा फाटलेला भाग उसळून थेट कापणाऱ्याच्या तोंडावर नाहीतर छातीवर येतो. पळायला वेळच मिळत नाही.

आमच्या शेजारच्या मामांच्या गोठ्यामागं अकेशियाचं झाड असंच कललेलं, गोठ्याच्या उलट्या बाजूला म्हणून बरं. कापायला आलेला अण्णा करवतीचं मशीन चालू करायच्या आधी कोयता घेऊन मागं तिरक्या दिशेला झुडपं साफ करत बसला. मामा वैतागले, ‘‘अरे झाड काप की, गवत काय कापतोस?’’ तो म्हणाला, ‘‘मामा, पळायची वाट आधी.’’ त्यानं समोर खाच बारीकच घेतली, पाव बुंध्यापेक्षा कमी, कललेल्या झाडात खोल खाच घेतली की पातं अडकतं. मग मशीनचं टोक बुंध्यात बाजूनं आरपार घातलं. समोर बिजागरीसारखी पट्टी ठेवली, साधारण बुंध्याच्या दहाव्या हिश्शाएवढी, म्हणजे ४० सेंटिमीटरला ४, आणि तिथनं मागं कापत आला पण पाठीमागचं थोडं लाकूड तसंच ठेवलं. आतनं सगळं मोकळं, तरी झाड जागचं हललं नाही! मग मशीन बाहेर, चारी बाजूला बघणं, मामांना अजून लांब पिटाळणं, आणि शेवटी ती मागची पट्टी बाहेरनं तोडली. झाड गेलं, तो त्याच्या वाटेनं बाजूला.

टोक घुसवताना पात्याच्या टोकाच्या खालच्या अंगानं सुरुवात करायची, टोकाचा वरचा कोपरा टेकला तर मशीन उसळून अंगावर येते. हे हात बसलेल्याचं काम आहे, व्हिडिओ बघून करू नका. बाकीच्यांनी झाडाच्या उंचीच्या दुप्पट लांब थांबायचं.

झाड घराकडं किंवा वायरीकडं कललं असेल तर गोष्टच वेगळी. दोर बांधून पोरांनी ओढायचं हा आपल्याकडचा लाडका उपाय, पण जास्त कललेलं झाड दोरानं उलटं येत नाही, उलट ओढणारेच त्याच्या टप्प्यात उभे असतात. तिथं वरनं फांद्या उतरवत, तुकड्या-तुकड्यानं खाली घेणारा माणूस बघा, आणि वायर असेल तर आधी हेस्कॉमला, म्हणजे आमच्याकडच्या वीज कंपनीला, सांगून लाईन बंद करून घ्या.

आणि परवानगी. कर्नाटकात १९७६ चा झाडांचा कायदा आहे, नीलगिरी, सुरू, नारळ असली काही झाडं सोडली तर स्वतःच्या रानातलं झाड तोडायलाही अर्ज लागतो, तेवढं वनखात्याच्या रेंज ऑफिसात जाऊन विचारून या.