विषयपत्रिकेतली पाणीपट्टी

आमच्या गावच्या नगरपालिकेच्या सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका आता पुन्हा सूचना फलकावर लागू लागली आहे. 2016 च्या अखेरीस निवडून आलेल्या सभागृहांची मुदत संपल्यावर आरक्षणाच्या न्यायालयीन वादात निवडणुका लांबत गेल्या, आणि डिसेंबर 2025 मध्ये मतदान होईपर्यंत सातारा जिल्ह्यातल्या बहुतेक पालिकांचा कारभार जवळपास चार वर्षे प्रशासकांच्या सहीने चालला. त्या काळातही दिवे लागत होते, कचरा उचलला जात होता, पाणी सुटत होते; परंतु एखादा खर्च कशासाठी झाला हे चारचौघांत विचारण्याची जागा उरली नव्हती. सभा पुन्हा भरू लागल्या याचा मला मनापासून आनंद आहे, आणि त्या निमित्ताने पाणीपट्टीबद्दल थोडे सविस्तर लिहावेसे वाटले. पट्टी वाढली की आपण सगळे जागे होतो, निवेदने देतो, पालिकेच्या दारात घोषणा देतो. मात्र ज्या किरकोळ वाटणाऱ्या विषयांतून ती पट्टी वर्षभर ठरत आलेली असते, ते विषय सभेत वाचले जातात तेव्हा प्रेक्षकांच्या बाकांवर कोणीही नसते.

नगरपरिषदांचा 1965 चा अधिनियम दर दोन महिन्यांनी सर्वसाधारण सभा घ्यायला सांगतो. सभेचा पहिला विषय मागील सभेचे इतिवृत्त कायम करण्याचा असतो, त्यानंतर जमाखर्चाची मंजुरी, आठवडी बाजाराच्या वसुलीचा ठेका, गाळ्यांची भाडी, अमक्या गल्लीतले गटार आणि तमक्या चौकातला हायमास्ट असे विषय येतात, आणि सर्वांत शेवटी "मा. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय" ही ओळ असतेच. बऱ्याच विषयांवर सूचकाचे आणि अनुमोदकाचे नाव लिहून "ठराव सर्वानुमते मंजूर" असे दोन मिनिटांत आटोपते. यात गैर काही नाही, कारण गटारावरचे झाकण बसवण्यासाठी तासभर भाषणे होऊ नयेत. पण त्याच यादीत पाणीपुरवठा विभागाचे चार-पाच विषय दरवेळी असतात, आणि ते मी अलीकडे जरा थांबून वाचू लागलो आहे. "जॅकवेलवरील पंप दुरुस्तीच्या खर्चास कार्योत्तर मंजुरी देणेबाबत", "तुरटी व टीसीएल पावडर खरेदीच्या वार्षिक निविदेतील दरास मंजुरी देणेबाबत", "ऊर्ध्ववाहिनीवरील गळती काढणेकामी आलेल्या खर्चाबाबत" अशी त्यांची भाषा असते. (जॅकवेल म्हणजे पंप जिच्यातून पाणी उचलतात ती नदीकाठची विहीर, टीसीएल म्हणजे जंतू मारणारी ब्लीचिंग पावडर, आणि ऊर्ध्ववाहिनी म्हणजे पाणी वर चढवणारी वाहिनी.) पाणीपट्टी म्हणजे या ओळींची वर्षाअखेरची बेरीज आहे.

त्यांतली कार्योत्तर मंजुरी, म्हणजे खर्च आधी करून नंतर घेतलेली मंजुरी, ही मला सर्वांत जास्त विचार करायला लावणारी गोष्ट वाटते. पंप रात्री जळाला तर सकाळी सभा बोलावता येत नाही, लोकांना पाणी द्यावेच लागते आणि अभियंत्याने तातडीने दुरुस्ती करून घेणे हेच योग्य असते. मात्र तोच पंप वर्षातून तीन वेळा कार्योत्तर मंजुरीसाठी येत असेल तर तो तातडीचा खर्च राहत नाही, त्याला जुन्या यंत्राचा कायमचा खर्च म्हणावे लागते. अशा वेळी नवा पंप घेणे स्वस्त की जुन्याची दुरुस्ती स्वस्त, हा प्रश्न एखाद्या नगरसेवकाने विचारला, तर पाणीपट्टीवरचा तो वर्षातला सर्वांत मोलाचा प्रश्न ठरेल.

आता विजेचे पाहू. नदीकाठच्या गावाला पाणी जवळ असते, परंतु नदी सखल भागात आणि टाकी उंचावर, त्यामुळे प्रत्येक लिटर वर चढवावा लागतो. नदीपासून जलशुद्धीकरण केंद्र आणि तिथून टेकडीवरची टाकी अशी एकूण चढण, वाहिनीतले घर्षण धरून, 100 मीटर मानली, तर 1 लाख लिटर पाणी वर न्यायला भौतिकशास्त्राच्या साध्या हिशेबाने सुमारे 27 युनिट वीज लागते. पंप आणि मोटर मिळून 60 टक्के कार्यक्षमतेने चालत असतील तर हाच आकडा 45 युनिटांवर जातो. केंद्राच्या नागरी पाणीपुरवठ्याच्या निकषांनुसार भुयारी गटारे असलेल्या शहरात माणशी 135 लिटर पाणी धरले जाते. त्या हिशेबाने पाच माणसांच्या घराला दिवसाला 675 लिटर लागतात, आणि तेवढे पाणी वर्षभर चढवायला साधारण 110 युनिट खर्च होतात. हे झाले पाणी कुठेही गळत नसताना. उचललेल्या पाण्यातले 40 टक्के वाटेत हरवत असेल, तर त्याच घरापर्यंत तेवढेच पाणी पोहोचवण्यासाठी 185 युनिटांच्या वर वीज जळते. गळती काढण्याचा विषय विषयपत्रिकेत बाराव्या क्रमांकावर आला म्हणून तो दुय्यम ठरत नाही.

उंचीचे महत्त्व समजून घ्यायला साताऱ्याइतके चांगले उदाहरण दुसरीकडे सापडणे कठीण आहे. कास तलाव शहराच्या बराच वर डोंगरावर असल्यामुळे तिथले पाणी उताराने शहराकडे येते, आणि ब्रिटिश काळात ते उघड्या पाटाने आणले जात होते. त्याच शहरासाठी पुढे उरमोडीवरून शहापूर योजना झाली, आणि तिचे पाणी पंपांनी उचलून आणावे लागते. नळातून येताना दोन्ही पाणी सारखेच दिसते, पण एकामागे वीजबिल जवळजवळ नाही आणि दुसऱ्यामागे ते दर महिन्याला उभे असते. कास धरणाची उंची वाढवण्याचे काम शहराने इतकी वर्षे लावून धरले, त्यामागे साठ्याबरोबर हाही हिशेब आहे, आणि तो पक्का आहे. आमच्यासारख्या गावांना डोंगरावरचा तलाव नसतो, म्हणून पंपांची कार्यक्षमता आणि गळती या दोनच गोष्टी आमच्या हातात राहतात.

घरपट्टीच्या बिलाबद्दल लोकांच्या मनात जो गोंधळ असतो तो स्वाभाविक आहे, कारण एकाच कागदावर वेगवेगळ्या मालकांचे पैसे मागितलेले असतात. मालमत्ता कर, दिवाबत्ती, स्वच्छता हे पालिकेचे स्वतःचे. शिक्षण कर आणि बिगरनिवासी मिळकतींवरचा रोजगार हमी कर हे 1962 च्या कायद्याखाली राज्य शासनाचे, पालिका ते फक्त गोळा करून भरते. वृक्ष कर 1975 च्या कायद्यातून आलेला. त्यांच्या खाली पाणीपट्टीची ओळ येते, आणि आमच्याकडे ती नळाच्या व्यासावर ठरते: अर्धा इंची, पाऊण इंची, एक इंची, घरगुती किंवा व्यापारी. वाड्यात दोन खोल्यांत एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बाईंचा नळ अर्धा इंची असतो आणि बाग, दोन गाड्या व गच्चीवर मोठी टाकी असलेल्या बंगल्याचा नळही अर्धा इंचीच असतो. दोघांना वर्षाला सारखीच पट्टी येते. माझ्या मते आपल्या दरपद्धतीतला खरा अन्याय हा आहे. दर शंभर-दोनशे रुपयांनी वाढला की कमी झाला, हा वाद त्यापुढे लहान आहे.

यावर मीटर हा उपाय सगळे सांगतात, आणि मीटर म्हटले की सभेत गदारोळ होतो. लोकांची तक्रार असते की पाणी येण्याआधी नळातून हवा येते आणि मीटर हवेवरच फिरतो. ही तक्रार खोटी नाही. दिवसातून तासभर पाणी सोडायचे आणि उरलेले तेवीस तास वाहिन्या रिकाम्या ठेवायच्या, तर प्रत्येक वेळी आधी हवा बाहेर पडणारच. शिवाय रिकाम्या वाहिनीत गळतीच्या जागेतून गटाराचे पाणी आत ओढले जाते, हा आरोग्याचा धोका वेगळाच. तासभरच पाणी मिळणार म्हणून लोक नळाला मोटर जोडतात, त्यामुळे पुढच्या घरांचा दाब जातो, आणि तेही मोटर आणतात. सकाळी व्हॉल्व्हमनने चावी फिरवली की आमच्या गल्लीत पाण्याच्या आवाजाआधी मोटरांचा आवाज सुरू होतो, आणि गल्लीच्या शेवटच्या घरात बादली भरायला पहिल्या घराच्या दुप्पट वेळ लागतो. अशा व्यवस्थेत केवळ मीटर बसवून न्याय होणार नाही. आधी वाहिन्या सतत दाबाखाली राहिल्या पाहिजेत.

हे छोट्या गावाला झेपत नाही असे कोणी म्हणाले की मी कराडशेजारच्या मलकापूरचे नाव घेतो. नगरपंचायत असतानाच मलकापुरात महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या मदतीने चोवीस तास पाण्याची योजना झाली आणि ती राज्यभर नावाजली गेली. तिथे नव्या वितरण वाहिन्या आणि मीटर हे दोन्ही एकाच योजनेत आले, मीटरची नोंद दुरून घेता येईल अशी यंत्रणा बसवली गेली, आणि दर वापरानुसार टप्प्याटप्प्याने चढते ठेवले गेले. चोवीस तास पाणी दिले तर लोक ते उधळतील, अशी भीती तेव्हाही होती आणि आजही आमच्या सभागृहात ऐकू येते. उधळपट्टी खरे तर साठवणुकीतून होते, कारण आज सकाळी ताजे पाणी आले की कालचे साठवलेले पाणी गटारात ओतले जाते. नळ कधीही सोडता येईल याची खात्री असली आणि मीटर फिरत असला, की कोणी पिंपे भरून ठेवत नाही. मलकापूर आमच्यापासून फार दूर नाही. नव्या पाणीपुरवठा समितीने तिथे एक दिवस जाऊन पाहून यावे, ही माझी मनापासूनची विनंती आहे, आणि परत आल्यावर काय पाहिले ते सभेच्या इतिवृत्तात लिहावे.

दर ठरवण्याच्या रीतीबद्दलही बोलायला हवे. महावितरणला वीजदर बदलायचे असले तर 2003 च्या वीज कायद्याप्रमाणे तिला राज्य वीज नियामक आयोगापुढे अर्ज करावा लागतो, तो अर्ज लोकांसाठी प्रसिद्ध करावा लागतो, हरकती मागवल्या जातात, आणि मग आयोग कारणे देऊन आदेश काढतो. धरणातल्या पाण्याचा ठोक दरसुद्धा 2005 च्या कायद्याने स्थापन झालेले जलसंपत्ती नियमन प्राधिकरण निकष जाहीर करून ठरवते. म्हणजे पालिका जी वीज विकत घेते तिच्या दरावर सामान्य माणूस हरकत घेऊ शकतो, पण पालिका जे पाणी विकते त्याच्या दराचे कारण त्याला बिल हातात पडल्यावर अंदाजाने शोधावे लागते. मालमत्ता कराच्या चतुर्वार्षिक आकारणीत हरकतींसाठी मुदत देतात, सुनावणी घेतात; तशीच एक सुनावणी पाणीपट्टीसाठी पालिकेने आपणहून घ्यायला कोणताही अडथळा मला दिसत नाही.

याच्या विरुद्ध बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. कित्येक वर्षे पट्टी वाढवायची नाही, हे लोकानुनयाचे धोरण आपणच नगरसेवकांकडून करून घेतले आहे. तूट पडली की ती मालमत्ता करातून किंवा शासनाच्या अनुदानातून भरून काढली जाते, आणि मग शाळेची दुरुस्ती, दवाखाना, वाचनालय यांच्यासाठी पैसा उरत नाही. 15 व्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या काळासाठी शहरांना अनुदान देताना मालमत्ता कराची वसुली राज्याच्या सकल उत्पन्नाच्या (जीएसडीपी) वाढीच्या प्रमाणात वाढली पाहिजे अशी अट घातली होती, त्यामागचे कारणही हेच. केंद्राच्या नगरविकास मंत्रालयाने 2008 मध्ये ठरवलेल्या सेवा मानकांत पाणीपुरवठ्याचा चालू खर्च शंभर टक्के वसूल व्हावा आणि हिशेबात न येणारे पाणी 20 टक्क्यांवर आणावे, असे दोन्ही आकडे एकत्रच दिलेले आहेत. आपल्याकडे पहिल्या आकड्याचा आधार घेऊन दरवाढ सुचवली जाते आणि दुसऱ्याचा उल्लेख होत नाही. दोन्ही आकडे एकत्र मांडले तर वाढीव पट्टीला हात वर करणारा नगरसेवक मला लोकहितविरोधी वाटणार नाही; मी स्वतः त्याच्या बाजूने बोलेन.

त्यासाठी लागणारी माहिती नव्याने जमवावी लागणार नाही. पंपचालकाच्या लॉगबुकात पंप किती तास चालला ते रोज लिहिलेले असते, वीजबिले लेखा विभागात लावलेली असतात, तुरटी आणि टीसीएल किती संपले ते भांडाराच्या नोंदवहीत असते. जिल्हा स्तरापर्यंतच्या कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहू द्यावेत, असे राज्य शासनाने 2018 मध्ये सांगितलेले आहे, आणि कर्मचाऱ्यांशी नीट बोलले तर ते नोंदवह्या काढून देतात, असा माझा अनुभव आहे. गळतीच्या नोंदी मात्र बहुधा फिटरच्या डोक्यातच असतात. कोणत्या गल्लीत जुनी वाहिनी कुठे वळते हे त्याला ठाऊक, आणि तो निवृत्त झाला की ते ज्ञान त्याच्याबरोबर जाते. निदान ते नकाशावर उतरवून घ्यायला पैसे लागत नाहीत.

अंदाजपत्रक फेब्रुवारीअखेरपर्यंत सभेपुढे ठेवले जाते. पाणीपट्टीचा विषय ज्या सभेत येईल, त्या सभेच्या विषयपत्रिकेला पाणीपुरवठ्याचा एक पानाचा तक्ता जोडावा आणि सभेआधी पंधरा दिवस तो फलकावर लावावा, असा अर्ज मी पालिकेच्या आवक विभागात देऊन पोच घेतली आहे. नदीतून वर्षात उचललेले पाणी, त्यातले बिल झालेले पाणी, पंपांना लागलेली वीज व तिची रक्कम, रसायने व दुरुस्ती यांचा कार्योत्तर मंजुरीसह एकूण खर्च, आणि मागणीपैकी प्रत्यक्ष वसूल झालेली पट्टी, एवढेच आकडे त्या तक्त्यात मागितले आहेत.