किल्ल्यांचा जुडगा हरवला तेव्हा

गेल्या जुलैतली गोष्ट. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, खानापूरला बहिणीकडे गेल्या होत्या. संध्याकाळी बेळगावात शहापूरला घरी आल्या तेव्हा पाऊस नुसता कोसळत होता. उंबऱ्याशी उभ्या राहून पदर पिळत राहिल्या, आत येईनात. मी टॉवेल घेऊन गेले तर म्हणाल्या, "पिशवी बसमध्येच राहिली की गे."

पिशवीत मावशींनी दिलेलं मिरचीचं लोणचं होतं, एक लुगडं होतं आणि छोटी पर्स. त्या पर्समध्ये घराच्या किल्ल्यांचा जुडगा आणि आधार कार्ड. लोणचं आणि लुगडं गेलं याचं काही नाही. पण किल्ली आणि पत्ता एकाच पर्समध्ये, हे ऐकल्यावर माझ्या पोटात गोळा आला.

आधार कार्ड पर्समध्ये का, असं आमच्या पुण्याच्या दिरांनी फोनवर विचारलं. इकडे शक्ती योजना 11 जून 2023 ला सुरू झाली. तेव्हापासून कर्नाटकातल्या बायकांना साध्या सरकारी बसमध्ये पैसे द्यावे लागत नाहीत. कंडक्टर शून्य रकमेचं तिकीट देतो, पण आपण या राज्याच्या रहिवासी आहोत हे ओळखपत्र दाखवून सिद्ध करावं लागतं. त्यामुळे बेळगाव-खानापूर करणाऱ्या प्रत्येक बाईच्या पर्समध्ये आता आधार असतंच, आणि घरची किल्लीही तिथेच. आईंनी वेगळं काही केलं नव्हतं. माझ्याही पर्समध्ये त्या दिवशी दोन्ही एकत्रच होतं.

हे लगेच बस स्टँडवर गेले. ती गाडी आईंना सोडून पुढे निघून गेली होती. तिथल्या माणसांनी वहीत लिहून घेतलं आणि डेपोला फोन लावून दिला. पिशवी मिळाली तर कळवू म्हणाले. रात्र मात्र आमची आम्हालाच काढायची होती. दर्शनी दाराला आतून कडी घातली आणि आडणा, म्हणजे दारामागे आडवा घालायचा दांडा, लावला. जुन्या घराचा हा आडणा गेली पंधरा वर्षं कोपऱ्यात उभा होता, त्यावर पोरांच्या छत्र्या टांगायच्या. परसदाराला कुलूप बदलून दुसरं घातलं. हे सोप्यात झोपले. झोपले म्हणजे पडून राहिले. पत्र्यावर पाऊस वाजत होता आणि प्रत्येक आवाजाला दोघंही उठून बसत होतो.

पुतण्याने त्याच रात्री मदत म्हणून व्हॉट्सॲपवर टाकायला मेसेज लिहिला होता. आमच्या गल्लीचं नाव, आजीचं नाव आणि खाली त्याच जुडग्यातल्यासारख्या माझ्या किल्ल्यांचा फोटो. पाठवण्याआधी मला दाखवला हे बरं झालं. किल्लीचा स्वच्छ फोटो असेल तर त्यावरून तिचे दाते मोजता येतात, आणि काही किल्ल्यांवर नंबरही कोरलेला असतो. मेसेज बदलून एवढंच ठेवलं: खानापूर-बेळगाव बसमध्ये निळी कापडी पिशवी राहिली आहे, मिळाल्यास या नंबरवर कळवा. आत काय होतं ते ज्याला पिशवी सापडली त्याने आपल्याला सांगावं, आपण आधी सांगू नये.

सकाळी पोलीस ठाण्यात गेलो. हरवलेल्या वस्तूची नोंद कर्नाटक पोलिसांच्या ॲपवरूनही करता येते, पण आधार कार्ड आणि किल्ल्या एकत्र गेल्याचं समोर बसून सांगावं असं मला वाटलं. अर्ज कन्नडमध्ये लिहायचा होता. मला कन्नड बोलता येतं, वाचता येतं, पण अर्जाची भाषा जमत नाही. शेजारच्या कन्नड अक्कांनी हातातलं काम टाकून आमच्या पायरीवर बसून तो लिहून दिला. किल्ल्या चार, आधार एक, बसची वेळ, कुठे चढल्या, कुठे उतरल्या, सगळं. या गल्लीत भाषेवरून बाहेर काहीही चालू असो, एकमेकींच्या घरची काळजी आम्ही अशीच करतो. आधारसाठी 1947 वर फोन करून विचारलं आणि आईंचं बायोमेट्रिक लॉक करून टाकलं, म्हणजे त्यांच्या बोटांच्या ठशांवर कुणी काही करू शकणार नाही.

मग दुपारी खरा प्रश्न समोर आला. कुलूप बदलायचं ठरवताना ह्यांनी सहज विचारलं, आपल्या दाराच्या एकूण किल्ल्या किती? आम्ही जेवणाच्या ताटांवरच हिशोब मांडला. एक ह्यांच्याकडे, एक माझ्याकडे, एक हरवलेली. एक कामाला येणाऱ्या मावशींकडे. एक पुण्याला दिरांकडे, त्यांनाही ती कुठे आहे ते आठवेना. आणि वरच्या खोलीत तीन वर्षं राहून गेलेल्या भाडेकरूला दिलेली एक. ती त्याने परत दिली होती का, हे घरात कुणालाच सांगता येईना. शिवाय दोनदा बाजारातून डुप्लिकेट करून आणल्या होत्या. जेवण थंड झालं. कळलं की आईंची पिशवी हरवली म्हणून आमचं घर उघडं पडलं नव्हतं. ते कितीतरी वर्षांपासून उघडंच होतं, आम्हाला माहीत नव्हतं एवढंच. आई आतल्या खोलीतून हे सगळं ऐकत होत्या. मी मुद्दाम मोठ्याने बोलले, त्यांना ऐकू जावं म्हणून.

खडे बाजाराच्या बाजूला फुटपाथवर किल्ल्या करणारा एक माणूस बसतो. समोर कोऱ्या किल्ल्यांची मोठी कडी, किल्ली घट्ट पकडून धरायचा लहान शेगडा, तीन-चार कानशी. तो घरी आला, दार बघितलं आणि म्हणाला, "होस कीली हाक्री." नवं कुलूप घाला. पण अख्खं कुलूप बदलायची गरज नव्हती. आमच्या दारात बसवलेल्या कुलपात किल्ली घालतो तो पितळी भाग, म्हणजे सिलिंडर, वेगळा निघतो. त्याच्या आत स्प्रिंगवर बसलेल्या बारीक पिना असतात. किल्लीचे दाते त्या सगळ्या पिना बरोबर उंचीवर उचलतात तेव्हाच ते फिरतं. दाराच्या कडेला एक लांब स्क्रू असतो. त्याने तो काढला, माझी किल्ली घालून किंचित फिरवली आणि अख्खं सिलिंडर हातात आलं. स्क्रूच्या भोकापासून दोन्ही बाजूंचं माप घेतलं आणि त्या मापाचं नवं आणून बसवलं. पाच मिनिटांचं काम. वेळ गेला तो दारामुळे. पावसात सागवानी चौकट फुगली होती, त्यामुळे कुलपाची जीभ समोरच्या पट्टीत नीट बसत नव्हती. गेले दोन महिने आम्ही दार खांद्याने ढकलून किल्ली फिरवत होतो. त्याने पट्टीचं भोक कानशीने तसूभर वाढवलं, कीस फुंकून टाकला आणि मला म्हणाला, आता एका बोटाने लावून बघा. लागलं.

सिलिंडर निवडताना एका गोष्टीवर मी अडून बसले. दोन्ही बाजूंनी किल्ली लागणारं स्वस्त होतं, पण मला आतून खुंटी फिरवून उघडणारं हवं होतं. रात्री काही झालं, गॅसचा वास आला, शॉर्टसर्किट झालं, तर अंधारात किल्ली कुठे शोधायची? आईंचं वय बहात्तर. त्यांना आतून बाहेर पडता आलंच पाहिजे. आतल्या बाजूला किल्ली तशीच राहिली की बाहेरची किल्ली बहुतेक सिलिंडरांत लागत नाही, तीही अडचण खुंटीने मिटली. कपाटाची नवी किल्ली त्याने तिथेच बसून घडवली: कोरी किल्ली घालायची, फिरवायची, काढून उजेडात धरायची, जिथे ओरखडा उठला तिथे कानस मारायची, परत घालायची. आमचा धाकटा शाळेचा अभ्यास सोडून त्याच्या शेजारी बसून होता. सगळं मिळून एकोणीसशे रुपये लागले.

नव्या किल्ल्या पाच आल्या. कामाच्या मावशींना मी स्वतः बोलावून त्यांच्या हातात एक दिली. कुलूप बदललं आणि आपल्याला किल्ली दिली नाही, म्हणजे आपल्यावर संशय आहे, असं त्यांना क्षणभरही वाटायला नको होतं. एक कन्नड अक्कांकडे ठेवली, त्यावर नाव-पत्ता काहीच न लिहिता, फक्त हिरवा दोरा बांधून. पुण्याला पाठवली नाही.

पाचवी आईंची. ती त्या घेईनात. "नको गे मला. परत हरवली तर?" आठ दिवस त्या देवळातही गेल्या नाहीत. मला वाटतं, या सगळ्यात सर्वांत जपून करण्याचं काम हेच होतं, आणि त्याला कुठला कारागीर मिळत नाही. आम्ही कुणी त्यांना समजावलं नाही. मी माझ्या पर्समधली किल्ली काढून त्यांच्या देखत ब्लाऊजच्या आत पिन लावून अडकवली, आणि आधार पर्समध्ये राहू दिलं. दोन दिवसांनी त्यांनी काळा गोफ मागितला.

पिशवी अकराव्या दिवशी मिळाली. डेपोतल्या एका भल्या माणसाने फोन केला. लोणच्याची बरणी फुटली होती, पर्स तशीच होती. शेजारी म्हणाले, उगाच खर्च केलात. मला तसं वाटत नाही. ते अकरा दिवस ती पर्स कुणाकुणाच्या हातातून गेली ते कुणाला ठाऊक? जुन्या किल्ल्या मी मोडीत दिल्या.

श्रावणात आई परत खानापूरला गेल्या. संध्याकाळी सहाच्या सुमारास बाहेर चपला वाजल्या, मग दाराच्या कुलपात किल्ली घालण्याची खुडखुड. एकदा चुकली, दुसऱ्यांदा लागली. मी सोप्यात भाजी निवडत होते. उठले नाही, दार त्यांनाच उघडू दिलं.